मिरगाबरोबर फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर: साप, बेबे, घोरपड आणि आपली मेर

मिरग लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. गावचा ग्रुप, देवस्थानचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, सगळीकडे तोच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पावसात बाहेर पडणारे साप विषारी असतात, दिसला की ठेचा. उंदरांसाठी मांजर आणि औषध पुरतं, सापांवाचून काही अडत नाही. बेबे, म्हणजे पावसाळ्यातले मोठे बेडूक, लाखोंनी निघतात, खाल्ल्याने संपत नाहीत, शिवाय ही आपली परंपरा आहे. घोरपडीचं तेल सांधेदुखीवर रामबाण आहे आणि तिच्या कातड्याशिवाय घुमट, आपलं मातीच्या घटाचं वाद्य, वाजत नाही. पाल, सरडा, सापसुरळी यांचं विष अंगात भिनतं. कुंभारजुव्याच्या मगरी दुसरीकडे हलवायला हव्यात. आणि शेवटचं वाक्य: या जनावरांसाठी म्हादई, मोले, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेतच, मग वस्तीत ती हवीत कशाला?

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं आपल्यातलीच आहेत. कुणाच्या घरी रांगतं मूल आहे, कुणाची आई अजून अनवाणी शेतात उतरते. त्यांची भीती खरी आहे, म्हणून उत्तरही नीट, एकेक मुद्दा घेऊन द्यायला हवं. माझं सांगणं एवढंच आहे की हे जीव आपलं काम आपण राहतो तिथेच करतात: मेरेवर म्हणजे शेताच्या बांधावर, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, खाजनात म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर. अभयारण्यातल्या सापाने आपल्या शेतातला उंदीर कमी होत नाही.

"पावसात बाहेर पडणारे साप विषारी असतात, दिसला की ठेचा"

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. विषारी त्यातल्या साठच्या आसपास, तेही समुद्री साप धरून. माणसाच्या मृत्यूला मुख्यतः चार जाती कारणीभूत ठरतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. गोव्यात हे चारही आढळतात, हे मी लपवत नाही. घाटाच्या पट्ट्यात त्यांच्या जोडीला चापडे आहेत आणि नागराजही आहे. पश्चिम घाटातला नागराज ही स्वतंत्र जात असल्याचं २०२४ मध्ये संशोधकांनी मांडलं आणि त्याच्या कानडी नावावरून तिला 'कालिंगा' असं नाव दिलं.

पण पावसाळ्यात गावात काठीखाली मरतात ते बहुतेक वेगळेच. धामण मरते, कारण ती लांब आणि चपळ असते आणि भेदरलेल्या माणसाला तिच्यात नाग दिसतो. दिवड मरते, कारण ती डिवचल्यावर जोरात चावायला धावते. तिला विष नाही. हरणटोळ मरतो, कारण तो डोळे फोडतो असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. आणि कवड्या मरतो तो मण्यार समजून.

कवड्या आणि मण्यार यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण हा घोटाळा घरोघरी होतो. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार काळी, निळसर झाक असलेली, चकचकीत. तिचे पट्टे बारीक आणि बरेचदा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलट: मानेपासूनच पट्टे ठळक, शेपटीकडे विरत गेलेले, रंग तपकिरीकडे झुकणारा. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, चांगल्या फोटोत ती स्पष्ट दिसते. ही ओळख लांबून फोटो काढून पटवायची आहे. शंका असेल तर तो साप विषारी आहे असंच धरून चालायचं, मुलाबाळांना बाजूला करायचं, त्याच्यावर नजर ठेवायची आणि वनखात्याला किंवा गावातल्या जाणकार सर्पमित्राला कळवायचं.

ठेचण्याच्या सल्ल्यातली मोठी गफलत अशी की त्याने धोका वाढतो. साप आपल्या वाटेने निघालेला असतो, त्याला कोपऱ्यात कोंडून काठी उगारली की तो चावणारच. अर्धमेला साप चावतो, तुटलेलं मुंडकंही काही काळ चावू शकतं. कायद्याचं म्हणाल, तर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना नाइलाजाने जनावर मारलं गेलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला गुन्हा मानत नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने जाणाऱ्या धामणीला पाठलाग करून मारणं त्यात बसत नाही.

सर्पदंशाचं संकट मी कमी लेखणार नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसं सापाच्या दंशाने गेली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. हे मृत्यू कमी होतात ते काळोखात बॅटरी घेऊन चालल्याने, शेतात गमबूट घातल्याने, सोडणांचा (नारळाच्या सालांचा) आणि चिऱ्यांचा ढीग भिंतीला लावून न ठेवल्याने, लाकडं हाताने उचलण्याआधी काठीने हलवल्याने. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश इतका हलका असतो की जाग येत नाही, सकाळी पोटात कळा येतात आणि पापण्या जड होऊन मिटू लागतात. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं हा त्यावरचा साधा आणि परिणामकारक उपाय.

चावलाच तर १०८. चावलेला भाग हलवू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, गावठी पाल्यात वेळ घालवू नका. थेट प्रतिविष असलेल्या इस्पितळात न्या. सापाला मारून पिशवीत घालून नेण्याचीही गरज नसते, डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. आणखी एक: आपल्याकडे मिळणारं प्रतिविष वरच्या चार सापांच्या विषांवर बनवलेलं आहे. घाटातल्या कुळागरांत पाचोळ्यात बसणाऱ्या, नाकाचा शेंडा वर उचललेल्या छोट्या चापड्याच्या विषावर ते लागू पडत नाही. त्यामुळे 'लहान आहे, काय करणार' म्हणून त्याला चपलेने ढकलू नका. आणि हे प्रतिविष येतं कुठून? सापांच्या विषापासूनच. तमिळनाडूत महाबलीपुरमजवळ इरुला जमातीच्या लोकांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली सहकारी संस्था साप धरून, विष काढून, पुन्हा सोडून देते आणि देशात प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्यांना विष पुरवते. ते साप नसते तर ही कुपीही नसती.

"उंदरांना मांजर आणि औषध पुरतं"

भात पोटरीला आलं की घुशी मेरेत बिळं करतात. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा, आत वळणावळणाची वाट आणि एका कप्प्यात कापून नेलेल्या लोंब्यांचा साठा. कधी मेर फोडताना असं बीळ उघडं पडलं तर पाहा, ओंजळी भरभरून भात निघतं. या बिळात मांजर जाऊ शकत नाही, घुबड जाऊ शकत नाही. धामण जाते. मी ती जाताना पाहिली आहे: आधी जीभ दोनदा आतबाहेर, मग डोकं, मग ते लांबलचक पिवळट अंग घाई न करता आत ओढलं जातं आणि शेवटी शेपटीचं टोक क्षणभर बाहेर राहतं. आत पिल्लं असतील तर ती सगळी संपतात. उंदीर तीन आठवड्यांत वितो, त्यामुळे पिल्लांवरच घाला घालणारा शिकारी शेतकऱ्याला किती मोलाचा, हे वेगळं सांगायला नको.

आणि याच धामणीबद्दल आपल्याकडे अजून सांगतात की ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. सापाचे दात मागे वळलेले, तोंडाची ठेवण चोखण्याची नाहीच. असं काही झालं तर म्हशीचं सड फाटेल.

औषधाचं दुसरं दुखणं आहे. गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावतो, उघड्यावर येतो, आणि त्याला खाणारं घुबड, मुंगूस, घरचं मांजर यांच्या पोटात तेच विष जातं. म्हणजे उंदीर खाणारे आधी जातात आणि उंदीर पुन्हा वाढतात. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा ताप शेतात गुडघाभर पाण्यात उभ्या असणाऱ्यांनाच आधी गाठतो, हेही लक्षात घ्या.

"बेबे लाखोंनी निघतात, खाल्ल्याने संपत नाहीत"

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वरवर खरा दिसतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात पाणी साचलं की त्या रात्री खरंच वाटतं, हे कधी संपणार नाहीत. कोरडे महिने मातीत पुरून घेतलेला मोठा बेडूक एकाच वेळी बाहेर येतो. नर पार बदललेला असतो: एरवीचा शेवाळी तपकिरी रंग जाऊन हळदीसारखा पिवळाधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे, आणि तो आवाज. मादी मात्र आपल्या मळकट रंगातच. हा सगळा मेळा काही रात्रींचा. त्यात जोड्या जमतात, उथळ पाण्यात अंडी पडतात आणि मग बेडूक पांगतात.

नेमक्या याच रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन माणसं निघतात. डोळ्यांवर झोत पडला की बेडूक जागीच थिजतो, त्याला उचलायला कौशल्य लागत नाही. पकडले जातात ते मोठे, म्हणजे प्रजननाला आलेले. आणि पकडले जातात ते अंडी घालायच्या आधी. एक मादी हजारो अंडी घालते हे खरं, पण त्यातली बहुतेक सुकतात, मासे आणि पाणकिडे खातात, या बेडकाची पिल्लं तर एकमेकांनाही खातात. मोठं होऊन पुढच्या मिरगाला परत येणारे थोडेच. पोत्यात भरलेली प्रत्येक मादी त्या थोड्यांतली.

परंपरेबद्दल बोलताना माणसं दुखावतात, म्हणून जपून लिहितो. जुन्या काळी पावसाच्या दिवसांत घरच्या कालवणापुरते बेडूक आणले जात, ते अनेक घरांत, वेगवेगळ्या समाजांत. आज 'जंपिंग चिकन' म्हणून प्लेटवर येणारा बेडूक बाजाराच्या मागणीचा आहे. घरच्या भुकेला सीमा होती, बाजाराला नसते. बाजार काय करतो हे देशाने एकदा पाहिलेलं आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत बेडकांचे पाय परदेशी पाठवत होता, भरभराटीच्या वर्षांत हजारो टन. शेतांतले बेडूक ओसरले, कीड वाढल्याच्या आणि कीटकनाशकांवरचा खर्च चढल्याच्या तक्रारी आल्या, १९८५ मध्ये हा बेडूक वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि १९८७ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली. मग तो धंदा इतर देशांत सरकला. आज युरोपला बेडकांचे पाय मुख्यतः इंडोनेशिया पुरवतो. देशातही या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, मारणं, विकणं, हॉटेलात वाढणं, सगळंच गुन्ह्यात मोडतं आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मांडला नाही, पण एक चांगला प्रतिप्रश्न इथे उभा राहतो. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत हा बेडूक 'धोक्यात' नाही. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत तो पसरलेला आहे, अंदमानात तर बाहेरून पोहोचून तिथल्या जिवांना डोईजड झाला आहे. मग गोव्यात काही हजार खाल्ले तर काय? उत्तर असं की बिहारातला बेडूक फोंड्याच्या शेतातले किडे खात नाही. जात जगाच्या पाठीवरून नाहीशी होईल की नाही हा एक प्रश्न, आणि आपल्या वांगडाच्या, म्हणजे भावकीच्या, शेतातून तिचं काम बंद पडेल का हा दुसरा. दुसरा प्रश्न खूप आधी येतो.

ते काम काय, याबद्दल दोन्ही बाजूंनी वाढवून सांगितलं जातं. 'एक बेडूक दिवसाला इतके डास खातो' असे आकडे बेडकांच्या बाजूचे लोकही पसरवतात, ते मला पटत नाहीत. एवढा मोठा बेडूक डास टिपत बसत नाही. तो नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, उंदराची पिल्लं आणि मेरेला भोकं पाडणारे खेकडे खातो. डासांचं काम बेडकांच्या पिल्लांकडे आणि छोट्या जातींकडे आहे: साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांबरोबर राहणारी ही पिल्लं काही त्या अळ्या खातात, काही त्यांच्या वाट्याचं खाणं संपवतात. बेडूक पूर्ण गेले तर काय होतं, हे मध्य अमेरिकेत दिसलं. कोस्टा रिका आणि पनामात एका बुरशीने बेडकांच्या कित्येक जाती काही वर्षांत संपवल्या. त्यानंतर तिथे मलेरियाचे रुग्ण वाढल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. पनामातल्या एका जंगलात बेडकांपाठोपाठ सापांच्या जातीही रोडावल्या, कारण त्यांचं अन्नच गेलं होतं. आपल्याकडेही तोच धागा आहे: बेडूक गेले की दिवड उपाशी, दिवडांची पिल्लं खाणारे बगळेही उपाशी.

"घोरपडीचं तेल रामबाण आणि घुमटाला तिचंच कातडं लागतं"

तेलाचं लवकर आटोपतो. घोरपडीच्या चरबीने सांधेदुखी जाते याला वैद्यकीय आधार नाही. चोळल्याने बरं वाटतं ते चोळण्यामुळे, खोबरेल घ्या. आणि 'हाथाजोडी' नावाची जी दुर्मीळ मुळी धनलाभासाठी म्हणून इंटरनेटवर विकली जायची, ती मुळी नव्हतीच. घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग होतं. देव्हाऱ्यात लोक काय ठेवून बसले होते, याची कल्पनाही त्यांना नव्हती.

घुमटाचा मुद्दा वेगळा आहे, तो मनापासूनचा आहे. चवथीला आरती सुरू झाली आणि घुमटावर हात पडला की अंगावर काटा येतो, तो नाद मलाही हवा आहे. जुने वादक म्हणतात की घोरपडीच्या पातळ, ताणलेल्या कातड्यासारखा नाद बकऱ्याच्या कातड्याला येत नाही. त्यांच्या कानांवर माझा विश्वास आहे. पण घोरपड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि त्यामुळे घुमट कित्येक वर्षं चोरून बनत होतं, चोरून वाजत होतं. राज्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला तो बकऱ्याचं कातडं वापरायचं गृहीत धरूनच, आणि त्यानंतर हे वाद्य उघडपणे शाळांत, स्पर्धांत, मंचावर आलं. कातडं किती वेळ भिजवायचं, किती ताणायचं, कोणत्या जाडीचं निवडायचं, यावर कारागीर मेहनत घेत आहेत. नाद सुधारेल तो त्या मेहनतीने. घोरपड तिकडे मेलेली जनावरं, उंदीर, खेकडे, सापांची अंडी साफ करत फिरते, तिला फिरू द्या.

"पाल, सरडा, सापसुरळी यांचं विष भिनतं"

भारतातल्या एकाही पालीला, सरड्याला किंवा सापसुरळीला माणसाला बाधेल असं विष नाही. दुधात पाल पडली तर दूध ओतून द्या, कारण तिच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. माशी पडली तरी आपण तेच करतो. सरड्याचं डोकं लाल होतं ते विणीच्या दिवसांत माद्यांना आणि इतर नरांना दाखवायला. तो लांबून माणसाचं रक्त शोषतो ही समजूत मुलांच्या हातात दगड देते, एवढंच.

"कुंभारजुव्याच्या मगरी हलवा"

मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या या कालव्यात मगर खाऱ्या पाण्यात, खारफुटीत राहते. एरवी ही जात गोड्या पाण्यातली, म्हणून अभ्यासकांना हे ठिकाण महत्त्वाचं वाटतं. पण आपल्या पूर्वजांना ते अभ्यासकांच्या आधीपासून माहीत होतं. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनातल्या चिखलाची मगर घडवून तिची पूजा होते, मांगे थापणी म्हणतात तिला. बांध आणि मानस (भरती-ओहोटीचं पाणी अडवणारं दार) सांभाळणाऱ्या माणसांनी त्याच पाण्यातल्या जनावराशी केलेला हा करार आहे. हलवलेल्या मगरी परत यायचा प्रयत्न करतात किंवा नव्या जागी गोंधळ माजवतात. त्यापेक्षा कोंबडी-मासळीचा कचरा कालव्यात टाकणं आणि पर्यटकांना दाखवण्यासाठी मगरींना खायला घालणं बंद व्हायला हवं. माणूस दिसला की खाणं मिळतं, हे एकदा मगरीला कळलं की धोका तिथून सुरू होतो.

"अभयारण्यं आहेतच, वस्तीत हे जीव कशाला?"

आता मूळ मुद्दा. अभयारण्यं हवीतच. नेत्रावळीतून २०१५ मध्ये इंदिराना वंशाच्या एका नव्या बेडकाची नोंद झाली आणि गोव्यातल्याच एका वनाधिकाऱ्याच्या आडनावावरून त्याला 'सालेलकरी' हे नाव मिळालं. या वंशाची पिल्लं तळ्यात पोहत नाहीत, धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावर शेपटीने उड्या मारत राहतात. असा बेडूक जंगल राखल्याशिवाय राहणार नाही.

पण गोव्याच्या नावाचे आणखी दोन बेडूक आहेत, 'गोमांतकी' आणि 'गोयंची'. त्यातला 'गोयंची' सापडला जांभ्याच्या सड्यांवर. ज्याला आपण पडीक म्हणतो, जिथे चिरेखण काढली तरी कुणाचं काही जात नाही असं समजतो, त्याच सड्यावर. पावसाचे चार महिने तिथे बोटभर, वीतभर खोलीची पाण्याची तळी तयार होतात. मासे त्यात नसतात, म्हणून बेडकांची अंडी वाचतात. दगडाखालच्या ओल्या मातीत देवगांडूळ असतं. नाव गांडुळाचं, पण हा बेडकांचा भाऊबंद आहे: वळ्यावळ्यांचं अंग, पाय नाहीत, डोळे कातडीखाली दडलेले, मात्र तोंड उघडलं की जबडा आणि दात दिसतात. मादी अंड्यांना वेटोळं घालून राखण करते. याच्या 'गोवाएन्सिस' आणि 'म्हादईएन्सिस' या दोन जाती २००७ मध्ये जगापुढे आल्या, पहिली सत्तरीतल्या केरीहून. लोक त्याला दुतोंडी साप समजून मारतात. साप तो नाहीच, विषारीही नाही; तो माती भुसभुशीत करतो आणि वाळवी खातो.

कुळागरात पाहा. तळीवर वाकलेल्या फांदीला जुलैमध्ये पांढरा फेसाचा गोळा लटकलेला दिसतो. मलबारी उडत्या बेडकाचं ते घरटं: मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते, अंडी त्यात, खाली पाणी. पिल्लं तयार झाली आणि पाऊस पडला की फेस विरघळतो आणि ती थेंबांबरोबर तळीत टपटपतात. तळी सिमेंटने बांधून वरची झाडी छाटली की हे घरटं टांगायला जागा राहत नाही, मग शेजारी अभयारण्य असलं तरी काय उपयोग? मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे अंडी घालायला येणारी कासवंही वस्तीच्या, दुकानांच्या दारातच येतात. पिल्लं रेतीतून बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राऐवजी शॅकचा दिवा उजळ असेल तर तिकडे.

सातेरीला आपण रोणीच्या रूपात पुजतो. वारुळाला देवी मानून गावाच्या मधोमध जपणाऱ्या समाजाने या जिवांची जागा वस्तीत ठेवली होती, वस्तीबाहेर हाकलली नव्हती.

म्हणून फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना माझी विनंती कामाची आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुढच्या ग्रामसभेत विचारा की आपल्या नोंदवहीत सड्यावरची पावसाळी तळी आहेत का, कुळागरांतल्या तळी, खाजनाचे बांध, घोरपडीच्या जागा आहेत का. नसतील तर जुलै-ऑगस्टमध्येच जाऊन फोटो, जागा आणि तारीख घेऊन लिहून द्या. मे महिन्यात जमिनीचं रूपांतर मागणारा अधिकाऱ्यांना सड्यावर नेतो तेव्हा त्याला तिथे कोरडा कातळ दाखवता येतो. आपल्या हातात त्या दिवशी जुलैची नोंद असायला हवी.